मिरजेहून टोरांटोला तंबोरा : खोका, कागद आणि जवारी

परदेशातले गिऱ्हाईक तंबोऱ्याची किंमत विचारते तेव्हा त्याला दोन किमती हव्या असतात. वाद्य मिरजेत कितीला, आणि घरी पोचेपर्यंत कितीला. पहिली कारागीर लगेच सांगतो. दुसरी मात्र खोक्याची बाहेरची मापे हातात आल्याशिवाय सांगायची नाही, हा आमचा पक्का नियम. भाडे किती, कोणत्या मार्गाने माल जाईल, वाटेत काय मोडेल आणि विम्याचा दावा टिकेल का, हे सगळे त्या खोक्यावर ठरते. म्हणून एका मर्दानी तंबोऱ्याचा मिरज ते टोरांटो हा प्रवास खोक्यापासूनच सांगायला घेतो.

मर्दानी, म्हणजे पुरुष गायकांसाठीचा मोठा तंबोरा साधारण १४७ सें.मी. लांब भरतो. भोपळ्याचा घेर ५६ इंच धरला तर रुंदी ४५ सें.मी.च्या आसपास येते, आणि भोपळ्याच्या पाठीपासून तबलीवरच्या (तबली म्हणजे भोपळ्यावर बसवलेला लाकडी पाट) घोडीपर्यंतची (तारा जिच्यावरून जातात तो आधार) उंची ३८ सें.मी.च्या जवळपास. याच्याभोवती दोन्ही बगलांना, वर आणि खाली पाच-पाच सें.मी., भोपळ्याच्या टोकाला दहा आणि खुंट्यांच्या टोकाला सहा सें.मी. मोकळी जागा ठेवली, वर प्लायवूड, बॅटन (कोपऱ्यांतल्या जाड पट्ट्या) आणि तळाच्या पट्ट्या धरल्या की बाहेरून १६८ × ६० × ५५ सें.मी. असा खोका होतो. काट्यावर तो तीस किलोच्या आतबाहेर. पण भाडे या तीस किलोंचे लागत नाही. विमानाच्या मालवाहतुकीत लांबी, रुंदी, उंची सें.मी.मध्ये गुणून ६००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. या खोक्याचे असे वजन ९२ किलो येते. घरपोच कुरिअर कंपन्या ५००० ने भागतात. त्यांच्याकडे हाच खोका १११ किलोंचा होतो. तंबोरा स्वतः चार-पाच किलोंचा, आणि भाडे मोठ्या माणसाच्या वजनाहून जास्त!

त्यामुळे मापांत सेंटिमीटरने काटकसर करावी लागते. वरच्याच खोक्याची तिन्ही मापे चार-चार सें.मी.ने कमी केली तर १६४ × ५६ × ५१ म्हणजे ७८ किलो, थेट चौदा किलोंचे भाडे वाचते. ही काटकसर कुठे करायची ते मात्र कळले पाहिजे. बगलेची जागा पाचची तीन केली तर चालते, पण तिथला फोम त्या मानाने घट्ट हवा. भोपळ्याच्या टोकाची दहा सें.मी. जागा कधीही कमी करू नये. कारण पुढे येईलच.

मार्गांपैकी टपाल आपोआप गळते. टपालाच्या पार्सलला लांबी आणि घेर मिळून ३ मीटरची मर्यादा असते, काही देशांसाठी त्याहूनही कमी. आपल्या खोक्याची बेरीज ३९८ सें.मी. होते. सतारीचा १३० × ४६ × ४४ चा खोकाही ३१० भरतो, म्हणजे दहा सें.मी.साठी अडतो, तिथे थोडे आवळून बसवता येते, पण आम्ही ते सुचवत नाही. भोपळा नसलेली चपटी तानपुरी मात्र टपालाने छान जाते. ११० × ४० × २५ चा खोका, बेरीज २४० सें.मी. ज्याला फक्त घरी रियाजासाठी सूर हवा आहे, त्याला आम्ही आधी तानपुरीच सुचवतो. समुद्रमार्गाने एकटा तंबोरा पाठवणे दिसायला स्वस्त असते. सामायिक कंटेनरमध्ये अर्ध्या घनमीटरच्या खोक्यालाही बहुतेक वेळा पूर्ण एका घनमीटरचे भाडे पडते, त्यावर पलीकडच्या बंदरातले गोदामाचे आणि कागदपत्रांचे शुल्क वेगळे, आणि वाद्य कित्येक आठवडे तापत्या-गारठत्या पत्र्यात राहते. चार-पाच वाद्ये एकाच संस्थेला जाणार असतील तरच हा मार्ग विचारात घ्यावा. एका तंबोऱ्याला मुंबईहून विमानाने विमानतळ ते विमानतळ पाठवणे आणि गिऱ्हाइकाने तिथून सोडवून घेणे, हे सगळ्यांत परवडते.

आता वाद्याकडे. पॉलिश होऊन किमान तीन आठवडे गेल्याशिवाय तंबोरा खोक्यात जाऊ देऊ नये. लाखेचे पॉलिश हाताला कोरडे लागते तेव्हा आतून अजून मऊच असते. त्यावर बबल-रॅप घट्ट गुंडाळला आणि खोका उन्हात धावपट्टीशेजारी उभा राहिला की बुडबुड्यांचे गोल ठसे पॉलिशमध्ये कायमचे उमटतात. म्हणून अंगालगत नेहमी धुतलेले मऊ सुती कापड, मगच फोम.

भोपळा कानाशी धरून हलवून पाहावा. आत एखादी बी किंवा सुकलेल्या गराचा खडखडाट ऐकू आला तर तो इथेच काढून घ्यायचा. भोपळा हा वनस्पतीचा भाग, आणि आत बी म्हणजे परदेशी क्वारंटाइनच्या दृष्टीने बियाणे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला पाठवताना तर हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. जुन्या वाद्यात तबलीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे असे समजून वाद्य बाजूला ठेवावे. नुसते भोक बुजवून पाठवले तर पलीकडे पकडले जाते, आणि मग धुरी देणे, परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच पर्याय उरतात, तेही गिऱ्हाइकाच्या खर्चाने.

तारा पूर्ण काढू नयेत आणि सुरातही ठेवू नयेत. काळी एक या सुराच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या तारा चार-पाच सुरांनी उतरवायच्या. दांडीवर थोडा ताण राहतो, पण धक्का बसला तर तबलीवर भार येत नाही. एवढ्या ढिल्या तारांखाली घोडी जागेवर राहत नाही, म्हणून ती काढूनच घ्यावी. ती आत सुटी राहिली तर पोचेपर्यंत तबलीवर ओरखड्यांची रांगोळी झालेली असते.

घोडी काढण्याआधीचे काम सगळ्यांत महत्त्वाचे आणि ते कारागिरानेच करायचे. जवारी, म्हणजे झंकारासाठी घोडीच्या माथ्याला दिलेली नेमकी घडण, उघडलेली असते ती त्या तारांच्या जाडीसाठी, सुराच्या त्या पट्टीसाठी आणि घोडीच्या त्या नेमक्या जागेसाठी. घोडी दोन मि.मी. सरकली किंवा किंचित तिरपी बसली तरी झंकार मिटतो आणि गिऱ्हाईक म्हणते, तंबोरा बोलत नाही. त्यासाठी पोलादी टेपने मेरूच्या (खुंट्यांकडे तारा जिथे टेकतात ती पट्टी) कडेपासून घोडीच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर दोन ठिकाणी मोजतो, पहिल्या तारेखाली आणि खर्जाखाली, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या तारेखाली. दोन्ही आकडे मि.मी.मध्ये कार्डावर लिहितो. घोडीच्या दोन्ही बाजूंपासून तबलीच्या कडेपर्यंतची अंतरेही लिहितो. वरून सरळ एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. घोडीच्या तळाला पेन्सिलीने बाण, तो मेरूकडे. कार्डावर सुराची पट्टी, चारही तारांचे गेज (जाडी), पितळी खर्ज कुठला आणि जिवाचे सूत (तार आणि घोडी यांच्यामधला धागा) प्रत्येक तारेखाली कुठे सरकवले की आवाज उघडतो, हेही. घोडी कापडात गुंडाळून छोट्या डबीत, मणी वेगळ्या पिशवीत, सुताचा एक गुंडा, तारांचा एक जादा संच आणि खडूचा तुकडा. ही डबी खोक्याच्या झाकणाला आतून पक्की बांधायची. वाद्याजवळ सुटी ठेवायची नाही.

आता मोडतोड. तंबोरा आणि सतार मोडतात ते ठिकाण जवळजवळ ठरलेले आहे : गुलू, म्हणजे भोपळा आणि दांडी जोडणारा गळा. दांडी लांब आणि पोकळ, खुंट्यांचे टोक जड, दुसऱ्या टोकाला भोपळा. खोका आडवा पडला आणि दांडीला मध्ये आधार नसला की खुंट्यांकडचे टोक खाली झेपावते आणि सगळा पीळ गुलूच्या जोडावर येतो. दुसरा प्रकार भोपळ्याचा. गोदामात जागा कमी असली की लांब खोका उभा करतात, लेबलावर काहीही लिहिलेले असो. उभा केला की वाद्याचे सगळे वजन खालच्या टोकावर, आणि ते टोक बहुतेक वेळा भोपळ्याचे असते, कारण ती बाजू जड म्हणून माणसे तीच खाली धरतात. भोपळ्याची साल दिसायला भक्कम, पण एका बिंदूवर दाब आला की देठापासून उभी चीर जाते. दहा सें.मी. जागेचा हट्ट त्यासाठीच.

त्यामुळे आमच्या खोक्यात वाद्य दांडीवर तोललेले असते. भोपळ्याला फक्त सोबत असते. १२ मि.मी. प्लायवूडचे तीन आडवे आधार कापतो. पहिला गुलूच्या लगेच वर, दुसरा दांडीच्या मध्यावर, तिसरा मेरूच्या अलीकडे. प्रत्येकाला दांडीच्या पाठीच्या गोलाईची खोबण आणि खोबणीत २० मि.मी. जाडीचा ई.पी.ई. (पॉलिइथिलीनचा) फोम चिकटवलेला. वरून तशाच खोबणीची पट्टी येते आणि दोन बोल्टांनी बसते. बोल्ट हाताने घट्ट, पान्याने नाही. खुंट्या कशालाही टेकता कामा नयेत. खोक्याच्या भिंतीला धक्का बसला तर तो खुंटीतून दांडीत जातो आणि खुंटीचे भोक फाटते. भोपळ्याखाली फोमचे कापलेले कडे असते, वाडग्यासारखे, पण भोपळा त्यावर विसावलेला नसतो, नुसता स्पर्श असतो. खोका हलवून पाहिला तर काहीही हलता कामा नये. आणि मग तो भोपळ्याच्या टोकावर उभा करून पंधरा मिनिटे ठेवायचा, उघडायचा आणि भोपळा किती खाली सरकला ते पाहायचे. अर्ध्या सें.मी.हून जास्त सरकला असेल तर वरच्या पट्ट्या सैल आहेत. ही चाचणी इथेच करावी, मुंबईच्या गोदामात ती होणारच असते.

भरण म्हणून थर्माकोलचे तुकडे नकोत. ते चुरगळतात, तळाशी बसतात आणि वरची जागा रिकामी होते; शिवाय कण तरफांच्या (मुख्य तारांखालच्या बारीक तारांच्या) भोकांत शिरले तर सतारीतून काढता काढता नाकी नऊ येतात. पेंढा, गवत, वाळका पाला ही जुनी भरणे विसरून जावीत, क्वारंटाइनमध्ये खोका तिथेच अडकतो. सिलिका जेलच्या पुड्या मूठभर टाकायची सवयही चुकीची आहे. टोरांटोची हिवाळ्यातली तापवलेली हवा आधीच वाळवंटासारखी कोरडी, त्यात पुड्यांनी उरलासुरला ओलावा ओढून घेतला की तबलीचा सांधा उकलतो. विमानाच्या प्रवासाला एकही पुडी लागत नाही. पावसाळ्यात खोका बंद करायचा असेल तर वाद्य आधी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवावे. मिरजेचा जुलैचा ओलावा आत कोंडून पाठवला की तबलीखाली बुरशी धरते.

खोक्याच्या लाकडाविषयी एक नियम न चुकता पाळायचा. ६ मि.मी.हून जाड कच्चे लाकूड पॅकिंगमध्ये असेल तर ते आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे भाजलेले असावे लागते, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का. प्लायवूडला ही अट नाही, कारण ते बनतानाच तापलेले आणि दाबलेले असते. म्हणून सगळे निश्चिंत होऊन प्लायवूडचा खोका बनवतात आणि कोपऱ्यात बसवलेले दीड इंची बॅटन विसरतात. अडकतात ते त्या बॅटनमुळे. एकतर शिक्क्याचेच बॅटन आणावेत, नाहीतर १२ मि.मी. प्लायवूडच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांचेच बॅटन करावेत. दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो. तपासणाऱ्याला कच्चे लाकूडच दिसत नाही, मग शिक्का शोधायचा प्रश्न येत नाही. तळाच्या पट्ट्यांनाही हेच लागू.

झाकणाला खिळा एकही नको. कस्टमला खोका उघडायचा असेल तर ते उघडतातच. खिळे असले की पहारीने उचकटतात, पहार आत कुठवर जाईल याचा भरवसा नसतो, आणि परत बंद करताना नवे खिळे आत तिरपे येतात. आम्ही झाकण स्क्रूने लावतो. फक्त झाकणाचे स्क्रू लाल रंगाने रंगवतो, शेजारी मोठ्या अक्षरांत ‘इथून उघडा’ असे इंग्रजीत आणि पलीकडच्या देशाची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतही. झाकणाच्या आतल्या बाजूला वाद्य कसे ठेवले होते त्याचे तीन फोटो, परत बंद करायच्या क्रमाने. तपासणारी माणसे ते पाहतात आणि बहुतेक वेळा तसेच ठेवतात. बाहेरून तिरपा केल्याचे आणि धक्का बसल्याचे दाखवणारे स्टिकर लावावेत. ते खोक्याला वाचवत नाहीत, पण कुठे काय झाले याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. मिरज ते मुंबई रस्त्याचा टप्पाही हलक्यात घेऊ नये. विमानापेक्षा जास्त हाताळणी इथेच होते, त्यामुळे माल चढ-उतार न करता थेट कार्गोपर्यंत जाणारा टेम्पो घ्यावा.

कागदांपैकी आयात-निर्यात कोड हा पाया. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर तो पॅनवर मिळतो, शुल्क ५०० रुपये, आणि दर वर्षी एप्रिल ते जून या काळात माहितीत बदल नसला तरी ती अद्ययावत करावी लागते. न केल्यास कोड निष्क्रिय होतो आणि ते कळते नेमके शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा अर्ज, भरताना. ज्या बँकेत पैसे येणार तिचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा तिचा क्रमांक), ज्या विमानतळावरून माल जाणार तिथे नोंदवलेला असावा. मुंबईत सीएचए (कस्टमची कामे करणारा एजंट) हे करून देतो, पण शेवटच्या दिवशी सांगून होत नाही. पैसे परदेशातून बँकेत आल्याचा कागद जपून ठेवावा, तो बिलाशी जुळला पाहिजे. त्यासाठी बिलावरचे नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचे नाव एकच असलेले बरे. मुलीच्या नावे वाद्य आणि वडिलांच्या खात्यातून पैसे असे झाले की बँक पत्र मागते.

बिलावरचे वर्णन हा आमच्या मते सगळ्यांत कमी लेखला जाणारा भाग. नुसते ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट’ लिहू नये. तंतुवाद्य, छेडून वाजणारे, हाताने बनवलेले, पूर्ण तयार. वर्गीकरण ९२०२ ९०. दांडी आणि तबली तुणीची, तूना सिलिएटा. तुंबा कडू भोपळ्याचा, लॅजेनारिया सिसेरारिया. पांढरी नक्षी सेल्युलॉइडची. घोडी आबनुसाची किंवा कृत्रिम. हस्तिदंत नाही, शिंग नाही. असे ओळ-ओळ लिहायचे. मिरजेच्या तंबोऱ्यावरची पांढरी नक्षी क्ष-किरणात आणि फोटोत हस्तिदंतासारखी दिसते. बिलावर आधीच उत्तर असले की प्रश्न येत नाही. शास्त्रीय नावे शोभेसाठी नाहीत. अमेरिकेत वनस्पतिजन्य मालाला लेसी कायद्याखाली जाती, लाकूड कुठल्या देशात तोडले आणि किती, हे जाहीर करावे लागते. १ डिसेंबर २०२४ पासून ही सक्ती जवळजवळ सगळ्या लाकडी मालाला लागू आहे. गिऱ्हाइकाचा एजंट ही माहिती शेवटी आपल्यालाच विचारतो.

दांडी शिसमाची असेल तर सायटीसचा, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, प्रश्न येतो. डाल्बर्जिया जातीची बहुतेक सगळी लाकडे, त्यात आपला शिसम आणि शिसवही, २ जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट २ मध्ये आहेत, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे शिसमाची सतार पाठवणे म्हणजे परवान्यांचे ओझे होते. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि साहित्य यांना सूट मिळाली. ‘पूर्ण तयार’ हा शब्द बिलावर हवा तो म्हणून. कारागिराने भेट म्हणून शिसमाची एखादी कच्ची फळी खोक्यात टाकली तर ती या सुटीत बसत नाही.

जुन्या वाद्यांबाबत अधिक काळजी. जवारी सांबरशिंगाची किंवा नक्षी हस्तिदंताची असेल तर ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते आणि बाहेर जाऊ शकत नाही; घोडी बदलता येते, नक्षी बदलणे कठीण. शंभर वर्षांहून जुने वाद्य १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. दिसायला जुने पण तेवढे जुने नसलेले असेल तर पुरातत्त्व खात्याचे ‘पुरावस्तू नाही’ हे प्रमाणपत्र आधी घ्यावे, मगच गिऱ्हाइकाला होकार द्यावा.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने कस्टममध्ये एक रुपया कमी होत नाही, पण नाव वापरायचा हक्क असलेल्यांनी ते बिलावर आणि वाद्याच्या आत लेबलावर जरूर लिहावे.

पलीकडचा कर कोण भरणार हे सौदा होतानाच लिहून घ्यावे. आम्ही कर गिऱ्हाइकाकडे ठेवतो. टोरांटोत ओंटारिओचा १३ टक्के एकत्रित विक्रीकर मालाच्या किमतीवर भरावा लागतो, आणि विमानतळाच्या गोदामात माल पडून राहिला तर दिवसाचे भाडे. खोका निघाला त्याच दिवशी एअर वेबिल (विमान कंपनीची मालाची पावती), बिल आणि पॅकिंग लिस्ट गिऱ्हाइकाला पाठवावी. गिऱ्हाईक कार्गो कार्यालयातून कागद घेऊन, कस्टममध्ये कर भरून, स्वतः माल सोडवू शकते. मोठी गाडी मात्र लागते, कारण १६८ सें.मी.चा खोका साध्या कारमध्ये मावत नाही. ब्रिटनला २० टक्के व्हॅट, ऑस्ट्रेलियाला १० टक्के जीएसटी. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, तेव्हा किंमत कमी दाखवा असा आग्रह करण्यात आता तसाही अर्थ राहिलेला नाही. आधीही नव्हता : कमी किमतीचे बिल म्हणजे कमी किमतीचा विमा.

आणि विमा घ्यावाच. विमानाने जाणाऱ्या मालाची मोडतोड झाली तर विमान कंपनीची जबाबदारी माँट्रियल करारानुसार वजनावर मोजतात, सध्या किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक). गंमत अशी की भाडे ९२ किलोंचे घेतात आणि भरपाई काट्यावरच्या तीस किलोंचीच. सर्व जोखमींचा सागरी-हवाई विमा त्याहून चांगला, पण त्यात ‘अपुरे पॅकिंग’ आणि ‘वस्तूचा अंगभूत दोष’ ही दोन कलमे असतात. हवा कोरडी पडून तबली तडकली तर तो अंगभूत दोष. खोका बंद करतानाचे फोटो, तीन आधारांचे, फोमचे, बोल्टांचे, हे पहिल्या कलमावरचे उत्तर. मोडतोड दिसली तर माल हातात आल्यापासून चौदा दिवसांत लेखी तक्रार जायला हवी, आणि पावतीवर सही करतानाच ‘खोका फुटलेला’ असे लिहावे. नुसती सही म्हणजे माल ठीक मिळाला.

इतर वाद्यांचे थोडक्यात. पखवाजाच्या धाम्यावरची (डाव्या तोंडावरची) कणीक पूर्ण खरवडून, पुसून, वाळवून मगच तो बंद करावा. वाटेत ती आंबते आणि कातडे कुजते. तबल्याच्या वाद्या (ताणाच्या चामडी पट्ट्या) थोड्या सैल कराव्यात आणि कातड्यासाठी त्या देशाचा नियम आधी पाहावा. संवादिनीचा भाता पट्टीने बांधायचा आणि सुरांच्या पट्ट्यांवर फोमची फळी दाबून बसवायची. तिचे वर्गीकरण ९२०५.

खोका घरी पोचला की लगेच उघडायचा नाही, आणि हे गिऱ्हाइकाला फोनवर सांगितल्याशिवाय पटत नाही. जानेवारीत उणे पंधरा अंशांतून आलेला खोका उबदार खोलीत उघडला तर थंड पॉलिशवर क्षणात दव धरते आणि लाख पांढुरकी पडते. चोवीस तास बंद खोका खोलीत ठेवावा. त्यानंतर उघडून वाद्य आणखी एक दिवस तारा न चढवता ठेवावे. खोलीतला ओलावा ४० टक्क्यांच्या खाली असेल तर ह्युमिडिफायर आधी, तंबोरा नंतर.

घोडी कार्डावरच्या मापांनी बसवायची, बाण मेरूकडे, मग तारा थोड्या थोड्या चढवायच्या. चारही तारा पाळीपाळीने, एकाच बैठकीत पूर्ण सुरात नाही. पहिल्या दिवशी दोन सूर खाली थांबावे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरात आणावे. कोरड्या हवेत खुंट्या आक्रसतात आणि सटासट सुटतात. खुंटी बाहेर काढून खडू फिरवावा आणि पिळताना आत दाबावी. हातोडी लावू नये, खुंटीचे भोक चिरते. जीव आधी कार्डावरच्या जागी ठेवून मग केसभर पुढे-मागे सरकवावा.

एवढे करूनही आवाज बंद वाटला तर पहिला आठवडा घोडीला कानस लावू द्यायची नाही. तबली नव्या हवेत बसायला वेळ घेते आणि तेवढ्यात पुष्कळदा जवारी आपोआप उघडते. नाही उघडली तर घोडी एकटी काढून साध्या टपालाच्या पाकिटाने मिरजेला पाठवावी, सोबत कार्डाचा फोटो आणि तारांचे गेज. त्याच मापाच्या तंबोऱ्यावर ती बसवून, तारा त्या पट्टीत चढवून, कारागीर जवारी नव्याने काढतो. जिवाचा शेवटचा केस मात्र तिथल्या तंबोऱ्यावरच लावावा लागतो, आणि तो व्हिडिओ कॉलवर कारागिराच्या कानाने लावून घेता येतो. फोन घोडीपासून हातभर अंतरावर ठेवावा, आणि फोनमधली आवाज साफ करणारी सोय बंद करावी, नाहीतर ती नेमका झंकारच गाळून टाकते.